मेपलच्या रसासाठी काहील कशी निवडावी?

प्रश्न : मी मूळचा कागलचा, सध्या अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात राहतो. घरामागच्या तीस मेपल वृक्षांना टोट्या बसवून मी गेल्या मार्चमध्ये शेजाऱ्याच्या जुन्या जस्ताच्या पत्र्याच्या कढईत रस आटवला, पण कडा करपल्या आणि सिरप कडवट झाले. यंदा दोन बाय तीन फुटांची कढई घ्यावी की दोन बाय चारची, तिला आतून कप्पे असावेत का, आणि ती चुलीवर कशी बसवावी?

उत्तर : आपण कागलचे, म्हणजे उसाचा गूळ करणारे गुऱ्हाळ पाहिलेले असणार, म्हणून एक फरक आधी ध्यानात घ्यावा. उसाच्या रसात साधारण अठरा ते वीस टक्के साखर असते, तर मेपलच्या रसात जेमतेम दोन टक्के. म्हणजे एक लिटर सिरपसाठी चाळीस लिटरांहून थोडा अधिक रस आटवावा लागतो. सगळा खेळ पाणी लवकर उडवण्याचा आहे. रस जितका जास्त वेळ उकळत राहील तितका त्याचा रंग काळपट आणि चव उग्र होते, म्हणून इथे गुऱ्हाळातली खोल काहील (गुळाची मोठी कढई) उपयोगाची नाही. रुंद, सपाट बुडाची आणि उथळ कढईच हवी.

सपाट कढईतून दर चौरस फुटामागे तासाला सुमारे पावणेचार लिटर पाणी उडते. चांगल्या दिवशी एका टोटीतून चार लिटर रस मिळाला, तर तीस टोट्यांचे १२० लिटर होतात. दोन बाय तीनच्या कढईला त्यासाठी पाच तासांहून थोडा जास्त वेळ लागेल, दोन बाय चारला चार तास. रस दुधासारखा नासतो, तो दिवसेंदिवस साठवता येत नाही. तरीही आपल्याला लहान कढई पुरेशी आहे. कारण दीड इंच खोलीवर तिच्यातच एकवीस लिटर रस मावतो आणि १२० लिटरांचे सिरप होते जेमतेम तीन लिटर; मोठ्या बुडावर ते फार पातळ पसरून करपेल. कप्प्यांचा उद्देश एका टोकाने कच्चा रस घेऊन दुसऱ्या टोकाच्या तोटीतून सिरप सतत काढणे हा असतो. आपल्या प्रमाणावर ते साधणारच नाही, म्हणून कप्प्यांवर पैसे घालवू नयेत. रस काकवीच्या जवळ आला की उतरवून घ्यावा आणि शेवटचा कढ स्वयंपाकघरात गॅसवर द्यावा.

शेजाऱ्याची कढई मात्र परत करावी. रस किंचित आम्ल असतो, त्यात जस्त उतरते. शिवाय १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या कित्येक कढयांचे सांधे शिसेयुक्त डाग देऊन (सोल्डरने) जोडलेले असत. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची, सांधे वेल्डिंगने जोडलेली आणि फेस चढायला जागा राहील अशा सात-आठ इंच उंच काठांची कढई घ्यावी.

कडा करपल्या त्या बहुधा ज्वाळा रसाच्या पातळीवरच्या कोरड्या पत्र्याला चाटत असल्यामुळे. चुलवाणाच्या भिंती कढईच्या काठाशी घट्ट भिडवून मधल्या फटीत सिरॅमिक लोकरीची (आच सोसणाऱ्या तंतूंची) पट्टी दाबावी, म्हणजे आच फक्त बुडाला लागेल. जळणाच्या जागेमागचा तळ भट्टीच्या विटांनी उंचावून धुराड्याकडे न्यावा. नाहीतर ज्वाळा खालूनच पळतात आणि लाकूड वाया जाते. मग कढईत पाणी भरून चारही कोपऱ्यांत पट्टीने खोली मोजावी. दीड इंच रसात अर्ध्या इंचाचा उतार असेल तर उथळ कोपरा हमखास लागतो. हे पाणी उकळूनही पाहावे.

आटवताना थंड रस एकदम ओतू नये, उकळी बसते. कढईच्या वर ठेवलेल्या डब्यात तो तापवून बारीक धारेने सोडावा. फेस वर आल्यास लोण्याचा शेंगदाण्याएवढा तुकडा पुरतो, आपल्याकडे काहिलीत तेलाचे थेंब टाकतात तसाच. त्या दिवशी पाणी ज्या तापमानाला उकळते त्यापेक्षा सुमारे चार अंश सेल्सिअस वर सिरप तयार होते. हवेच्या दाबाप्रमाणे हा बिंदू सरकतो, म्हणून तो रोज तपासावा. गुळासाठी ११८ अंशांच्या आसपास जावे लागते, त्या सवयीने इथेही तिथवर आटवत राहिलात तर सिरप राहणार नाही, साखर होईल.

आग विझेपर्यंत कढई सोडून जाऊ नये, शेजारी रसाची भरलेली बादली असावी. बुडाशी जो पांढुरका, वाळूसारखा थर बसतो तो दर आठवड्याला पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून काढावा, तारेच्या घासणीने खरवडू नये.