वावरातल्या खोलीत भाडेकरूने गांजा लावला, मालकाने काय करावे?

प्रश्न (यवतमाळ जिल्ह्यातील वाचक): वावरातली कापूस ठेवायची खोली तोंडी बोलीवर एका तरुणाला दिली. पाण्यावरची भाजी घेतो म्हणाला. परवा खिडकीतून पाहिले तर उघडा तंबू, एलईडी दिवे आणि बादल्यांत सहा रोपे, पाने गांजाची. पोरगा गावी गेला आहे. मेहुणा म्हणतो, रातोरात उपटून जाळ. काय करू?

उत्तर: मेहुण्याचे ऐकू नका, भाऊ. रोपे जाळली तर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा तुमच्यावर लागू शकतो (भारतीय न्याय संहिता, कलम 238). शिवाय रोपे घेऊन बांधावरून जाताना कोणी पाहिले, तर माल तुमच्याच ताब्यात. कुलूपही तोडू नका.

रोपे मातीत आहेत की पाण्यात, याला 1985 च्या एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्यात काही किंमत नाही. कलम 8 लागवडच बंद करते. फुले आली नाहीत, सहाच तर आहेत, आम्हाला भांगेची पाने हवी होती, ही तिन्ही कारणे लागवडीच्या आरोपापुढे टिकत नाहीत. गांजा 1 किलोपेक्षा कमी तर अल्प आणि 20 किलोपेक्षा जास्त तर व्यावसायिक, हे गणित तोडलेल्या मालाचे. लागवडीला अल्प प्रमाण नाहीच: कलम 20 खाली एका रोपालाही 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड. माल व्यावसायिक प्रमाणात नसेल तर जामिनाची कलम 37 ची कडक अट लागत नाही, एवढाच दिलासा.

तुमचा खरा धोका कलम 25 मध्ये आहे. जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्या मालकाला लागवड करणाऱ्याइतकीच शिक्षा. परवापर्यंत तुम्हाला माहीत नव्हते. आता माहीत आहे, आणि गप्प राहिलेला प्रत्येक दिवस तुमच्याविरुद्ध जातो. कलम 46 तर जमीनधारकावर ताबडतोब कळवण्याचे बंधन घालते. सरपंचाच्या किंवा पोलीस पाटलाच्या कानावर घालून ते पूर्ण झाले असे समजू नका. अर्ज पोलीस ठाण्यातच द्या.

आजच दोन प्रती लिहा. खोली कधी दिली, भाडे किती, कसे मिळाले, पाहिले ती तारीख आणि वेळ, कुलूप कोणाचे, चावी कोणाकडे. सोबत सातबारा, भाडेकरूचे आधार असल्यास त्याची प्रत आणि भाडे फोनवरून आले असेल तर त्या नोंदी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. घेतच नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. भाडेकरूला फोन करून सावध मात्र करू नका; तो कॉल उद्या तुमच्याच नावावर दिसेल.

दिवे कृषिपंपाच्या मीटरवर चालत असतील तर ते वेगळे लफडे. वीज कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापराचे बिल दुप्पट दराने येते, आणि वापर कधीपासून हे ठरत नसेल तर 12 महिन्यांचे. मीटर तुमच्या नावावर, म्हणून आकारणी तुमच्यावर.

पोलिसांची नोटीस आली तर आधी कलम पाहा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा कायदा) 179 म्हणजे साक्षीदार, 35(3) म्हणजे संशयित. 35(3) ची आली तर वकिलाशिवाय जाऊ नका आणि सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाची तयारी ठेवा. तपासातल्या जबाबावर सही लागत नाही. कोरा कागद पुढे केला तरी सही करू नका.