पट्ट्या भरलेल्या, पण पान उघडेना

शाळा-कॉलेजं सुरू झाल्यापासून आलेल्या पत्रांत टॅब आणि वायफायची भांडणंच जास्त आहेत. बहुतेकांनी टॅबला आधीच दोषी ठरवलंय, दोघांनी तर तो विकायला काढलाय. यातली काही पत्रं आज घेतो.

प्रश्न : टॅबवर वायफायच्या पट्ट्या पूर्ण दिसतात, खाली 'कनेक्टेड' लिहिलेलं असतं, पण यूट्यूबचं चाक नुसतं फिरत राहतं. त्याच घरात माझ्या मोबाइलवर सगळं चालतं. म्हणजे टॅबच बिघडलाय ना? (निवृत्त शिक्षक, कराड)

सर, निकाल देण्याआधी मोबाइलची उलटतपासणी घ्या. मोबाइलचा डेटा बंद करा, फक्त वायफाय चालू ठेवा आणि मग यूट्यूब लावून बघा. वायफायवर नेट नाही असं दिसलं की बरेच फोन गुपचूप सिमकार्डाच्या नेटवर जातात आणि आपल्याला वाटतं वायफाय छान चाललंय. तुमच्या टॅबला सिम नाही, त्यामुळे तो बिचारा खरं तेच सांगतो.

पट्ट्यांचा अर्थ एवढाच, की टॅबला राउटरचा आवाज नीट ऐकू येतोय. राउटरपर्यंत बाहेरून नेट पोचलंय की नाही, हे पट्ट्यांना माहीत नसतं. घरातला नळ उत्तम आहे, पण गच्चीवरची टाकी रिकामी आहे, तसा हा प्रकार.

डेटा बंद केल्यावर मोबाइलही अडकला, तर टॅब निर्दोष. मग भिंतीवरच्या फायबरच्या डबीकडे जा. तिच्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला असेल तर तारेतून प्रकाशच येत नाहीये : रस्ता खोदताना तार तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल, किंवा घरातच कपाट सरकवताना तिला काटकोनात मुरड पडली असेल. ही तार काचेची असते, विजेच्या वायरसारखी दुमडून चालत नाही. मुरड दिसली तर हलक्या हाताने सोडवा, नाहीतर नेटवाल्याला फोन करा, टॅबमध्ये काही खुडबुड करू नका. लाल दिवा नसेल तर आधी रिचार्ज संपलाय का ते पाहा (हसू नका, हे फार वेळा निघतं). मग डबी आणि राउटर दोन्ही बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी डबी चालू करा, तिचे दिवे स्थिर झाले की राउटर.

मोबाइल नुसत्या वायफायवर चालला आणि टॅब नाही, तर मात्र टॅबमध्ये शिरायचं. सगळ्यात आधी तारीख बघा. महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या टॅबची बॅटरी पार उतरते आणि घड्याळ काही वर्षं मागे जातं. आज जवळपास प्रत्येक साइट उघडताना आधी एक प्रमाणपत्र दाखवते, त्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध' असं असतं. टॅबच्या मते आज २०१८ साल असेल, तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो दार उघडत नाही. तारीख एकदा हाताने बरोबर करा.

त्यानंतर अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' नावाची सेटिंग शोधा (अँड्रॉइड ९ पासून ती आहे). जाहिराती बंद करायच्या म्हणून नातवाने तिथे कुठल्या तरी सेवेचं नाव टाकलेलं असतं. ती सेवा बंद पडली की साइटची नावं शोधून देणारी डिरेक्टरीच गायब होते. तिथे 'ऑटोमॅटिक' करा. सगळं नेट दुसऱ्याच कुठल्या तरी सर्व्हरमार्गे फिरवणारं एखादं व्हीपीएन अ‍ॅप चालू असेल तर तेही थांबवा.

टॅब आयपॅड असेल तर वायफायच्या नावापुढच्या 'आय' चिन्हावर बोट ठेवून आयपी पत्ता (राउटर प्रत्येक उपकरणाला देतो तो आकड्यांचा पत्ता) वाचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, आयपॅडने स्वतःच्या मनाने घेतलाय. अँड्रॉइडवर हेच दुखणं 'आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे' या वाक्यावर अडकून बसतं. अशा वेळी ते वायफाय 'फर्गेट' करून (टॅबला विसरायला लावून) पुन्हा जोडा आणि आयपीची सेटिंग 'डीएचसीपी'वर, म्हणजे राउटरनेच पत्ता द्यावा अशी, आहे ना, ते बघा. 'स्टॅटिक' असेल तर कोणीतरी पूर्वी हाताने पत्ता भरून ठेवलाय.

एवढ्यानेही काही झालं नाही, तरच 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज'. त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, तेव्हा पासवर्ड आधी कागदावर उतरवून घ्या. आणि सर, 'फॅक्टरी रीसेट' हे वेगळं बटण आहे. त्याच्या जवळपासही जाऊ नका, फोटो जातील.

प्रश्न : मुलीने न्यू जर्सीहून टॅब आणलाय. शेजारच्यांचं वायफाय त्यात दिसतं, आमचंच दिसत नाही! आमचं वायफाय घरातल्या बाकी सगळ्यांना दिसतं. (गृहिणी, डोंबिवली)

ताई, तुमचं पत्र वाचून मजा वाटली, कारण अशी केस सारखी भेटत नाही. वायफायच्या लहरींचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन मुख्य पट्टे (बँड) असतात. त्यातल्या २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ अशी चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत व्यवहारात ११ पर्यंतच वापरतात. तिकडे विकलेली काही उपकरणं १२ आणि १३ कडे कान देत नाहीत. राउटर 'ऑटो'वर असेल आणि गर्दी टाळायला म्हणून त्याने १३ पकडलं असेल, तर घरातल्या इथल्या फोनना तो दिसेल, तिकडच्या टॅबला नाही.

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याच्या सेटिंगच्या पानावर जा. त्याचा पत्ता आणि पासवर्ड राउटरच्या बुडाखाली चिकटवलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तिथे २.४ चं चॅनेल 'ऑटो'ऐवजी १, ६ किंवा ११ ठेवा. हीच तीन का, तर ती एकमेकांवर चढत नाहीत. मधलं ३ किंवा ८ निवडलंत तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा गोंगाट तुमच्याकडे येतो आणि तुमचा त्यांच्याकडे.

इथेच घेतलेला स्वस्त टॅब असेल आणि हीच तक्रार असेल, तर कारण निराळं. पुष्कळ स्वस्त आणि जुन्या टॅबना ५ गिगाहर्ट्झ कळतच नाही. राउटरवर फक्त ५ चालू असेल तर ते आंधळे. २.४ सुद्धा चालू करा.

प्रश्न : पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, तरी 'ऑथेंटिकेशन एरर'. (विद्यार्थी, जळगाव)

शंभर टक्के बरोबर असलेले बरेच पासवर्ड मी डोळ्याचं चिन्ह दाबून पाहिलेत. इंग्रजी ओच्या जागी शून्य, कॅपिटल आयच्या जागी स्मॉल एल, आणि कॉपी-पेस्ट करताना शेवटी चिकटलेली एक मोकळी जागा. टाइप करूच नका. अँड्रॉइड १० किंवा पुढच्या फोनवर वायफायच्या नावात 'शेअर' दाबलं की क्यूआर कोड येतो, तो टॅबने स्कॅन करा.

तरीही नाही झालं, तर राउटरची सुरक्षा बघा. तिथे फक्त 'डब्ल्यूपीए३' ही वायफायला कुलूप लावायची नवी पद्धत असेल तर जुना टॅब आत येऊ शकत नाही, कारण हे मानक २०१८ मधलं आहे. 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र' निवडा. जुन्या टॅबचे लाड म्हणून 'डब्ल्यूईपी' (जुनं, सहज फुटणारं कुलूप) किंवा 'ओपन' (कुलूपच नाही) मात्र करू नका. त्यापेक्षा टॅब बदला.

प्रश्न : हॉस्टेलच्या ऑफिसात टॅबचा मॅक पत्ता नोंदवलाय. महिनाभर चाललं. नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडलं तर आता 'नोंदणी नाही' म्हणतात. (विद्यार्थिनी, नांदेड)

पहिल्या उत्तरात मी सर्रास 'फर्गेट करा' म्हणून मोकळा झालो, त्याची दुसरी बाजू तुमच्या पत्रात आहे. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयपॅडओएस १४ (२०२०) पासून टॅब प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा कारखान्यातून आलेला ओळखक्रमांक) न देता एक बनवलेला पत्ता देतो. दुकानं, मॉल यांनी आपला माग काढू नये म्हणून ही सोय. पण हॉस्टेलच्या यादीत जो पत्ता लिहिलाय, तो आणि टॅब आता सांगतोय तो, हे जुळत नसतील तर यादीवाला राउटर तुम्हाला परकं समजणार.

ओळखायची खूण सोपी आहे. पत्त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला पत्ता आहे. हॉस्टेलच्या नेटवर्कपुरतं अँड्रॉइडवर त्या नेटवर्कच्या 'प्रायव्हसी'मध्ये 'डिव्हाइस मॅक' निवडा, आयपॅडवर 'प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस' बंद करा, आणि खरा पत्ता ऑफिसात पुन्हा लिहून द्या. बाकी ठिकाणी ही सोय चालूच राहू दे.

प्रश्न : आमचं घर जुनं, चिऱ्याचं. राउटर पडवीत. माजघरात टॅब धरला की एक पट्टी, देवघरात तीही नाही. नातीचा क्लास ऑनलाइन असतो, ती पडवीत बसते तर गावातले सगळे तिला हाका मारतात. (आजी, राजापूर तालुका)

आजी, चिऱ्याची हातभर जाड भिंत उन्हाळ्यात घर गार ठेवते आणि बारा महिने वायफाय अडवते. त्यात पावसाळ्यात चिरा पाणी पितो आणि ओली भिंत लहरींना आणखी गिळते. म्हणजे जून-जुलैत रेंज कमी झाल्यासारखी वाटत असेल तर तो तुमचा भास नाही.

फुकटचे उपाय आधी. राउटर पडवीतून उचलून घराच्या मध्यावर आणा, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. जमिनीवर नको, टीव्हीच्या मागे नको, गोदरेजच्या लोखंडी कपाटावर तर अजिबात नको, आरसा लावलेल्या कपाटामागेही नको. लहरी भिंतीतून जाण्यापेक्षा दारातून सहज जातात, तेव्हा माजघराचं दार आणि राउटर एका रेषेत येतील असं बघा. नातीच्या टॅबला २.४ गिगाहर्ट्झवर जोडा. ५ चा वेग जास्त, पण भिंत ओलांडताना ते लवकर थकतं. क्लासच्या वेळी स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लावू नका, तो याच २.४ च्या आसपास चालतो.

एवढ्यावर भागलं नाही तर पैसे कुठे घालायचे ते सांगतो. दुकानदार तुम्हाला 'एक्स्टेंडर' देईल. स्वस्त एक्स्टेंडर एकाच रेडिओने ऐकतो आणि त्याच रेडिओने पुढे बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो जिथे रेंज नाही नेमक्या तिथेच लावतात, मग त्याला पुढे द्यायला काही उरतच नाही. तो अर्ध्या वाटेवर लावायचा असतो. पण चिऱ्याच्या घराला माझा सल्ला वेगळाच : पडवीतल्या राउटरपासून माजघरापर्यंत आढ्यालगत एक साधी लॅनची वायर ओढून घ्या आणि आत दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' म्हणून लावा, म्हणजे वायरीने आलेलं नेट तो आत वायफायने वाटेल. वायरीला भिंतीचं भय नाही. गावातला वायरमन अर्ध्या दिवसात करून देईल. लाईट गेल्यावर क्लास बुडू नये म्हणून राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तोही बघा. त्याआधी राउटरच्या आणि डबीच्या अडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना, ते नातीकडून वाचून घ्या.

प्रश्न : रेल्वे स्टेशनवरचं वायफाय टॅबला जुळतं, पण लॉगिनचं पान उघडत नाही. (वाचक, कल्याण)

स्टेशनवर रेलटेल या रेल्वेच्या कंपनीचं वायफाय असतं (मुंबई सेंट्रलवर २०१६ च्या जानेवारीत ते सुरू झालं, तेव्हा गूगलही त्यात होतं). ते आधी तुम्हाला आपल्या पानावर नेतं, मोबाइल नंबर विचारतं आणि ओटीपी पाठवतं. हे पान दाखवायला त्याला तुमची पहिली मागणी मध्येच अडवावी लागते. 'एचटीटीपीएस'वाली (म्हणजे सुरक्षित जोडणीची) साइट अशी अडवून घेत नाही, म्हणून कोरं पान दिसतं. ब्राउझरमध्ये 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' (neverssl.com) टाका. ती साइट मुद्दाम याच कामासाठी असुरक्षित ठेवलेली आहे, तिच्या जागी लॉगिनचं पान येईल. व्हीपीएन आणि वर सांगितलेलं प्रायव्हेट डीएनएस तेवढ्यापुरतं बंद ठेवा. ओटीपी फोनवर येईल, तो टॅबमध्ये भरा. बँकेचं काम तिथे नको.

प्रश्न : शाळेत वायफाय नाही, मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट लावून वर्गातले टॅब जोडते. दर दहा-पंधरा मिनिटांनी सगळे तुटतात. (शिक्षिका, पालघर जिल्हा)

बाई, हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'कोणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद' असं असतं. मुलं लिहायला लागली की टॅबचे पडदे झोपतात, टॅब वायफाय सोडतात, आणि फोनला वाटतं सगळे गेले. ते बंद करा. बॅटरी सेव्हरही काढा आणि फोन चार्जिंगला ठेवा. आयफोन १२ किंवा नंतरचा असेल तर 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा, म्हणजे तो २.४ वर येईल आणि साधे टॅब त्याला शोधतील. फोनगणिक टॅबच्या संख्येलाही मर्यादा असते. व्हिडिओ आदल्या दिवशी घरून डाउनलोड करून नेलेत तर मात्र या सगळ्याची गरजच नाही.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वीचा टॅब आहे. वायफाय जुळतं, तारीखही बरोबर, काही साइट चालतात आणि काही 'सुरक्षित नाही' म्हणतात. (वाचक, मडगाव)

अँड्रॉइडची आवृत्ती ७.१.१ च्या आधीची असणार. असंख्य साइट 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेची फुकट प्रमाणपत्रं वापरतात. या संस्थेची स्वतःची मूळ सही जुन्या अँड्रॉइडच्या ओळखीची नाही. काही वर्षं तिने दुसऱ्या जुन्या सहीचा आधार घेऊन असे टॅब चालवले, तो आधार २०२४ च्या सप्टेंबरअखेर संपला. राउटर, पासवर्ड, रीसेट, काहीही करून हे दुखणं जाणार नाही. आधी उतरवून ठेवलेली गाणी आणि पुस्तकं यांसाठी टॅब छान चालेल, बँकेसाठी वापरू नका.

प्रश्न : वायफायला मराठी नाव दिलं तर टॅब जोडताना अडचण येते का? 'शिवकृपा निवास' राउटर घेतच नाही. (वाचक, सातारा)

नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे (बाइट म्हणजे मजकूर साठवायचं माप). इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार तीन-तीन बाइटचा. 'शिवकृपा निवास' ३७ होतात. 'आमचं घर' १९ मध्ये बसतं. काही फार जुने टॅब मराठी नावाच्या जागी चौकोन दाखवतील, पण त्या चौकोनांवर बोट ठेवलं तरी ते जोडले जातात.