वाचकांचे प्रश्न : मॉडेलमधून खोल्या का गळतात?

प्रश्न : नागपुरातल्या चार मजली इमारतीचं रेव्हिट (इमारत त्रिमितीत काढायचं सॉफ्टवेअर) मॉडेल जीबीएक्सएमएल या देवाणघेवाणीच्या फाइलमध्ये काढून ओपनस्टुडिओ या ऊर्जेचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं. काही खोल्या आल्याच नाहीत. शिवाय पश्चिमेच्या बेडरूमचा एसीचा भार उत्तरेच्या बेडरूमपेक्षा कमी दिसतो. सॉफ्टवेअर चुकतंय का?

उत्तर : भाराचा घोळ बहुतेक दिशेचा आहे. नकाशा रस्त्याला समांतर काढला जातो. साइटवर मोजलेला कोन ‘ट्रू नॉर्थ’मध्ये (खऱ्या उत्तरेच्या सेटिंगमध्ये) दिला नसेल, तर पश्चिमेची भिंत उत्तरेची समजून गणित होतं. २१ डिसेंबरची भरदुपारची सावली मॉडेलमध्ये पाडून पाहा. ती खऱ्या उत्तरेकडे गेली पाहिजे.

खोल्यांचं कारण वेगळं. खोलीची वरची हद्द स्लॅबपर्यंत पोचत नसेल, भिंतीचं ‘रूम बाउंडिंग’ (ही भिंत खोलीची हद्द धरायची, ही खूण) बंद असेल किंवा कोपऱ्यात फट असेल, तर ती खोली बंदिस्त धरली जात नाही. फॉल्स सीलिंग बाउंडिंग ठेवलं की खोली तिथेच संपते आणि वरची पोकळी बेवारस राहते. ‘एरियाज अँड व्हॉल्यूम्स’ हा पर्याय चालू करा, नाहीतर घनफळ नीट मोजलंच जात नाही. छज्जेही तपासा. ‘जेनेरिक मॉडेल’ (कुठल्याच ठरावीक प्रकारात नसलेली वस्तू) म्हणून काढलेला छज्जा निर्यातीत सहसा गळतो. तो फ्लोअर म्हणून काढा.

एवढं झालं की भिंतीचे थर भरा. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेल्या २३० मिमी विटेच्या भिंतीचा यू-व्हॅल्यू (भिंतीतून उष्णता किती जाते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) साधारण २ येतो, २०० मिमी एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकचा ०.७ च्या आसपास. पण १५० मिमी आरसीसी भिंतीचा ३ च्या वर जातो. म्हणून कॉलम-बीमचं क्षेत्रफळ वेगळं धरा. सगळी भिंत एएसीची दाखवली की निकाल फसवा गोड येतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा चालवा. आलेल्या युनिटांवरून वीजबिल सांगू नका, पर्यायांची तुलना तेवढी करा.

इको-निवास संहितेत (घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत) नागपूरसारख्या हवामानासाठी आरईटीव्ही, म्हणजे भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचं माप, १५ वॅट प्रति चौरस मीटरच्या आत हवा. त्यात गच्ची धरलेली नसते. तिची मर्यादा वेगळी आहे : यू-व्हॅल्यू १.२.

प्रश्न : आम्ही वरच्या मजल्यावर राहणार. पैसे एकाच कामाला पुरतील : डबल काच की गच्चीचं इन्सुलेशन?

उत्तर : गच्ची. १५० मिमी स्लॅब आणि वर १०० मिमी ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) मिळून यू-व्हॅल्यू सुमारे २.४ येतो, ४० मिमी एक्सपीएस (उष्णतारोधक फोमचा) बोर्ड घातला की ०.६ पर्यंत उतरतो. पश्चिमेच्या खिडकीला डबल काचेआधी बाहेरून झडपा किंवा उभे पाखे (ऊन अडवणाऱ्या उभ्या पट्ट्या) लावा. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे ६०० मिमीचा आडवा छज्जा तिथे कामाचा नाही.