युकॉनला निघण्यापूर्वी

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला. जुलैत आरव्ही, म्हणजे राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन कॅल्गरीहून कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉन प्रांतातलं डॉसन सिटी, तिथून डेम्पस्टर हायवेने थेट उत्तरेला टुकटोयाकटुक गावच्या आर्क्टिक समुद्रापर्यंत, आणि सगळं मिळून बारा दिवसांत परत! जाण्याचंच अंतर साडेतीन हजार किलोमीटरांच्या वर भरतं. एक तर दिवस वाढव, नाहीतर डेम्पस्टर पुढच्या वेळेसाठी ठेव. मी तुझ्या जागी असतो तर डेम्पस्टर सोडला असता. शिवाय गाडी भाड्याची असेल तर करार नीट वाच; बऱ्याच कंपन्या त्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाईच करतात.

तो रस्ता समजून घे. खालची जमीन कायम गोठलेली आहे. ती वितळू नये म्हणून खडीचा जाड थर टाकून त्यावरून रस्ता नेलाय. या खडीतल्या पाटीच्या दगडाच्या कपच्यांना सुरीसारखी धार असते. पहिला पेट्रोल पंप ईगल प्लेन्सला, म्हणजे डेम्पस्टर सुरू होतो त्या फाट्यापासून 369 किलोमीटरवर. मोबाइलला रेंज नाही. माझे दोन टायर एकाच दुपारी फाटले आणि जवळ स्टेपनी एकच होती. मी वेगात होतो, चूक माझी होती. एक ट्रकवाला थांबला म्हणून रात्र निभावली. तेव्हापासून दोन स्टेपन्या, पंप, सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र आणि चार दिवसांचं जास्तीचं पाणी-धान्य घेतल्याशिवाय मी उत्तरेकडे गाडी वळवत नाही. टाकी अर्धी झाली की दिसेल त्या पंपावर भरायची. समोरून ट्रक आला की वेग कमी करून कडेला घ्यायचं, म्हणजे काच वाचते.

ही शिदोरीची शिस्त तिथली जुनीच आहे. 1896च्या ऑगस्टमध्ये डॉसनजवळच्या बोनान्झा ओढ्यात सोनं सापडलं आणि बातमी पसरल्यावर लाखभर माणसं क्लोंडाइककडे, म्हणजे त्या भागाकडे, निघाली. 1897-98च्या हिवाळ्यात डॉसनमध्ये अन्नाची टंचाई झाली. मग तिकडे जाणाऱ्या वाटेवरच्या चिलकूट खिंडीच्या माथ्यावर पोलिस उभे राहिले: वर्षभराचा शिधा सोबत असेल तरच पुढे जा. सामानासकट ते ओझं टनभर होई. ते पाठीवर वाहून न्यायला एकेकाला त्याच बर्फाळ चढावर पंचवीस-तीस, कधी त्याहून जास्त खेपा घालाव्या लागत. पाठीमागे फ्रिज आणि गॅसची शेगडी घेऊन फिरताना हे मला दरवेळी आठवतं.

डॉसनला मात्र किमान तीन दिवस थांब. रस्ते अजून मातीचे, फूटपाथ लाकडी. काही जुन्या इमारती एकमेकींवर रेललेल्या दिसतील. घरातल्या उबेने खालची गोठलेली जमीन वितळली आणि पाया खचला. गावाबाहेर दगडगोट्यांचे नागमोडी ढीग लागतात. सोनं काढणाऱ्या अजस्र ड्रेजर यंत्रांनी ओढ्यांची पात्रं उपसून मागे टाकलेले ते ढीग. त्यांतलं चार नंबरचं यंत्र जपून ठेवलंय, 1959 पर्यंत चालू होतं. ते बघच.

पण त्याआधी डॅनोजा झो या सांस्कृतिक केंद्रात जा. क्लोंडाइक नदी युकॉन नदीला मिळते तिथे ट्रॉनडेक ह्वेचिन या मूळनिवासी लोकांचा मासेमारीचा तळ होता. सोन्याच्या गर्दीने त्यांना तिथून उठवलं आणि ते नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला गेले. त्यांच्या प्रमुखाने, चीफ आयझॅकने, आपली गाणी आणि नाच अलास्कातल्या सोयऱ्यांकडे सांभाळायला दिले, इथे ते टिकणार नाहीत या भीतीने. अनेक दशकांनी ती गाणी परत आणली गेली. 2023 साली हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आला. हे ऐकल्यावर ते दगडांचे ढीग मला वेगळेच दिसले, म्हणून क्रम असा सांगतोय.

नवीन तारखा ठरल्या की कळव. दुसरी स्टेपनी माझ्याकडची घेऊन जा.

तुझा,
काका