साठ्यावरच्या शंकेचं काय करायचं

चि. भाचीस, अनेक आशीर्वाद.

तुमच्या सोयाबीन मिलच्या एमडींचं डोकं फिरलंय, हे समजू शकतो. ‘साठा कागदावरच आहे, प्रवर्तकांचा काहीतरी घोळ आहे’ असं कुणीतरी गुंतवणूकदारांत पसरवायचं आणि आपण मूग गिळून बसायचं, हे कोणत्याही धंदेवाल्याला जड जातं. पण कंपनी सेक्रेटरी तू आहेस. त्यांचा राग लेटरहेडवर उतरता कामा नये.

आधी त्या वाक्याचे दोन तुकडे कर. ‘काहीतरी घोळ आहे’ याला उत्तरच नसतं. घोळ नाही असं लिहिलंस, तर लोक म्हणतील, मग लिहायची वेळ का आली? ‘साठा कागदावर आहे’ हे मात्र तपासता येतं. ते कुणी आणि कोणत्या हेतूनं म्हटलं, याच्या मागे लागू नकोस.

आणि उत्तर लिहिण्याआधी स्वतः गोदामात जा. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या ताळेबंदात 5,361 कोटींची रोख आणि बँक शिल्लक दिसत होती. त्यातले 5,040 कोटी नव्हतेच, हे 7 जानेवारी 2009 ला तिच्या अध्यक्षांनीच लिहून दिलं. प्रत्येक शंका निराधारच असते असं धरून चालणारा सेक्रेटरी एक दिवस खोट्या कागदावर सही करून बसतो. बँकेला जाणारं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे कर्जासाठी दिलेला साठ्याचा तपशील, विम्याची रक्कम आणि वजनकाट्याच्या पावत्या जुळवून बघ. थप्प्या मागच्या बाजूनं मोज. पुढची रांग छान रचून मागे पोकळी ठेवणारे मी पाहिलेत.

बहुधा साठा खराच निघेल. सोयाबीनची आवक दिवाळीच्या आगेमागे जोरात असते. मिल तेव्हा भरून घेते आणि पुढे महिनोन्‌महिने गाळप करते. त्यामुळे 30 सप्टेंबरला गोदाम जवळजवळ रिकामं, 31 मार्चला साठाही मोठा आणि बँकेचं कर्जही मोठं. लातूरच्या अडतीवरच्या पोराला हे सांगावं लागत नाही. दूर बसून सहामाही आकडे बघणाऱ्याला मात्र साठा अचानक फुगलेला दिसतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. हंगामाचा हा हिशोब निकालासोबत दरवेळी एका परिच्छेदात द्या, निम्मी कुजबुज तिथंच थांबेल.

उत्तर स्टॉक एक्सचेंजमार्फत, सगळ्यांना एकाच वेळी. फोनवर ‘तुम्ही आपले म्हणून सांगते’ हे चालणार नाही. शेअरच्या भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती एकट्यादुकट्याला दिली, तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे इनसायडर ट्रेडिंगचे (आतल्या माहितीवर होणाऱ्या शेअर व्यवहारांचे) नियम आड येतात. सेबीचा अफवांबद्दलचा नियम तुम्हाला लागू नाही. तो बाजारमूल्यानं पहिल्या 100 कंपन्यांना जून 2024 पासून आणि पहिल्या 250 ना डिसेंबर 2024 पासून लागला. बातमीमुळे भाव मोठा हलला, तर त्यांनी 24 तासांत दुजोरा, नकार किंवा खुलासा द्यायचा. एक्सचेंजनं स्वतः विचारणा केली, तर मात्र तुम्हालाही नेमकं उत्तर द्यावंच लागेल.

बोर्डाकडून एक धोरणही मंजूर करून घे. आज कंपनी विकायला काढल्याची अफवा नाकारलीत आणि उद्या खरीच बोलणी चालू असताना गप्प बसलात, तर ते गप्प बसणंच बातमी होतं. म्हणून बोलणी, शेअरचा भाव, प्रवर्तकांचा स्वभाव यांवर कधीच बोलायचं नाही. अफवा खोटी असली तरी नाही. हे एमडींना पटवणं सगळ्यात अवघड जाईल.

शक्यतो तिसऱ्याचा कागद जोड. 2008 मध्ये आयसीआयसीआय बँकेबद्दल अफवा उठल्या, एटीएमपुढे रांगा लागल्या, तेव्हा बँकेकडे पुरेसा पैसा आहे असं रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं. तुमच्या बाबतीत साठा मोजून दिलेलं ऑडिटरचं प्रमाणपत्र ते काम करेल.

मसुदा सात-आठ ओळींत आटप. ‘हितशत्रू’, ‘बदनामीचा कट’ हे शब्द एमडी घालतीलच, तू काढ. वकिलाची नोटीस मोजणी होईपर्यंत थांबू दे. आणि मसुदा मला दाखवायला पाठवू नकोस, मोजणीत काय निघालं तेही सांगू नकोस. मीही बाहेरचाच, एक्सचेंजवर आलं की वाचेन.

तुझा मामा,
छत्रपती संभाजीनगर