कांडी टेकवलीच नाही, मग गोळ्यावर प्रभार आला कुठून?

तुम्ही विचारलंय: ऋण प्रभारित कांडी नुसती जवळ नेली तर धातूच्या गोळ्यावर धन प्रभार येतो कुठून? आणि बोट कांडीकडच्याच बाजूला लावलं, तर निकाल उलटा लागेल का?

पहिल्याचं उत्तर: कुठूनच येत नाही. तो आधीपासून गोळ्यातच असतो, फक्त वाटणी होते.

मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. हे दाखवायला माझं सामान ठरलेलं: तांब्याचे दोन पेले, थर्मोकोलचे दोन तुकडे, शेतातल्या मोटरीचा उरलेला हातभर पीव्हीसी पाईप आणि आज्जीच्या जुन्या घोंगडीचा तुकडा. काचेची कांडी आणि रेशीम पुस्तकात शोभतं, आमच्याकडे पाईप-घोंगडी.

पेले थर्मोकोलवर एकमेकांना चिकटवून ठेवा. घोंगडीवर घासला की पाईप ऋण होतो. तो डाव्या पेल्यापासून बोटभर अंतरावर धरा. तांब्यातले मोकळे इलेक्ट्रॉन त्याच्यापासून लांब ढकलले जातात आणि उजव्या पेल्यात गर्दी करतात. डावीकडे तितकेच कमी पडतात, म्हणून तिथे धन. धन प्रभार स्वतः कुठे जात नाही, अणू जागच्या जागी असतात. आणि हलतात ते तरी किती? १ नॅनोकूलोम (प्रभाराचं एकक कूलोम, त्याचा अब्जावा भाग) प्रभार सरकला म्हणजे सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन सरकले. आकडा मोठा वाटतो, पण तांब्याच्या एका घन सेंटिमीटरमध्येच मोकळे इलेक्ट्रॉन इतके असतात, की त्यातल्या दर १३-१४ लाख कोटींमागे जेमतेम एक हलला.

आता पाईप तसाच धरून उजवा पेला बाजूला सरकवा. हात पेल्याला नाही, थर्मोकोलला लावायचा. मग पाईप हटवा. हा क्रम चुकला, पाईप आधी हटवला, तर सगळे इलेक्ट्रॉन परत आपापल्या घरी आणि तुमच्या हाती काही नाही.

तपासायला अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेली थर्मोकोलची छोटी गोळी नायलॉनच्या दोऱ्याने टांगा, तिला पाईप टेकवून ऋण करा. डावा पेला तिला ओढतो, उजवा ढकलतो. मुलं ओढणं बघूनच टाळ्या वाजवतात, पण पुरावा ढकलण्याचाच; प्रभार नसलेला पेलाही गोळीला थोडं ओढतोच, याच प्रवर्तनामुळे, म्हणजे न टेकता नुसत्या जवळ असण्याने होणाऱ्या या वाटणीमुळे. शेवटी पेले पुन्हा एकमेकांना टेकवा. आता ढकलत कुणी नाही. म्हणजे दोघांवरचे प्रभार सारखे आणि विरुद्ध होते.

आता बोटाचं, म्हणजे कांडी जवळ धरलेली असतानाच गोळ्याला क्षणभर बोट लावून प्रभार देण्याच्या रीतीचं. यात परीक्षेला बसलेली मुलंच काय, शिकवणारेही फसलेले मी पाहिलेत. वाटतं असं, की कांडीकडची बाजू धन आहे, तिथे बोट लावलं तर बोटातून इलेक्ट्रॉन आत येतील. येत नाहीत. बोट कुठेही लावा, इलेक्ट्रॉन बाहेरच जातात आणि गोळा धनच होतो. कारण प्रभार एका बाजूला दाट, दुसरीकडे उलटा असला, तरी वाहकाचं, म्हणजे इथे धातूच्या गोळ्याचं, विभव (विजेची पातळी म्हणा) सगळीकडे एकच असतं. गच्चीवरच्या टाकीसारखं समजा: पातळी एकच, चावी पूर्वेला बसवा की पश्चिमेला, पाणी खालीच जाणार. ऋण कांडीमुळे अख्ख्या गोळ्याचं विभव जमिनीपेक्षा ऋण झालेलं असतं, म्हणून इलेक्ट्रॉन गोळ्यातून बोटावाटे, अंगातून जमिनीकडे निघतात. मग आधी बोट काढायचं, नंतर कांडी.

गोळ्यावर येणारा प्रभार कांडीवरच्याइतकाच असतो असंही नाही. बहुतेक वेळा कमीच. तो तंतोतंत सारखा हवा असेल तर प्रभारित वस्तू धातूने सगळीकडून वेढावी लागते. फॅरेडेने १८४३ साली हे बर्फ ठेवायच्या धातूच्या बादलीत प्रभारित गोळा सोडून दाखवलं होतं.

एक सांगायचं राहिलं. हा प्रयोग जुलैत करू नका. एकदा बाहेरचे परीक्षक आलेले, आठवडाभर पावसाने उसंत दिली नव्हती आणि घोंगडी घासून घासून माझा हात भरून आला, तरी गोळी ढिम्म. दमट हवेत थर्मोकोलवर आणि दोऱ्यावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार त्यातून गळून जातो. दिवाळीनंतर करा. तेवढा धीर नसेल तर पाईप, थर्मोकोल, दोरा, घोंगडी सगळं हेअर ड्रायरने चांगलं पाच-दहा मिनिटं सुकवून घ्या. फक्त ड्रायर थर्मोकोलच्या फार जवळ नेऊ नका, वितळतं.