एमआरआय नॉर्मल, तरी एमएनडी कसं काय?

निप्पाणीच्या ताईंनी विचारलंय, अण्णांचं वय ६१, उजव्या हाताची ताकद जात चाललीय, मेंदूचा एमआरआय नॉर्मल, तरी डॉक्टर एमएनडीचा (मोटर न्यूरॉन डिसीज, हालचालीच्या पेशी मरत जाण्याचा आजार) संशय आहे म्हणतात, मग एवढे पैसे वाया गेले काय.

नाही ओ ताई, वाया नाही गेले. आमच्या दादाचं पण असंच झालं. खानापूरला दुकान होतं त्याचं, आधी शटरच्या कुलपात किल्ली फिरेना, मग शर्टाची बटणं वहिनी लावायला लागली. एमआरआय नॉर्मल आला म्हणून मी येडा बेळगावातनं कुंद्याची मिठाई घेऊन घरी गेलो! नंतर कळलं, या आजारात हालचालीच्या ज्या पेशी मरतात ना, मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या, ते मरणं साध्या एमआरआयवर बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआय करतात ते दुसरं काही नाही ना बघायला, गाठ, जुना स्ट्रोक असलं काही. कधी फ्लेअर नावाच्या एमआरआयच्या प्रकारात मेंदूतनं खाली उतरणारी हालचालीची वाट पांढरी दिसते, कधी एसडब्ल्यूआय नावाच्या प्रकारात लोहाची काळी पट्टी, पण ती नसली म्हणून आजार नाही असं नाही, आणि तशी पांढरी वाट निरोगी माणसात पण दिसू शकते. डीटीआय म्हणून एमआरआयचाच आणखी एक प्रकार कोणीतरी सांगेल, तो संशोधनात बरा, एकट्या अण्णांचं निदान त्याच्यावर ठरत नाही, त्यासाठी बेंगळूरला पळू नका.

निदान हातानं तपासूनच होतं, जोडीला ईएमजी, म्हणजे स्नायूत सुई घालून त्यातले विजेचे संकेत बघायची तपासणी. दादाला डॉक्टरांनी जीभ बाहेर काढू नको, तोंडातच सैल ठेव म्हणून सांगितलं आणि बॅटरी मारून बघत बसले, पाण्याखाली किडे वळवळावेत तशी थरथरत होती. हाताच्या पंजात अंगठ्याकडचं मांस बसलेलं, करंगळीकडचं बरं होतं, ही पण या आजाराची एक खूण. या आजाराच्या निदानासाठीच्या २०२० च्या गोल्ड कोस्ट निकषात पण हेच आहे, वाढत जाणारी कमजोरी, तपासणीतल्या खुणा, आणि बाकीचे आजार नाहीत याची खात्री.

मानेचा एमआरआय झालाय का अण्णांचा? नसेल तर आधी तो विचारा, मानेत मज्जारज्जू दबला तरी हात असाच जातो. पण उलटं पण होतं बघा, साठीत मानेची चकती कुणाची पण झिजलेली असते, दादाचं त्याच्यावरनं ऑपरेशन करून टाकलं एका ठिकाणी, हात काही सुधारला नाही, सहा महिने गेले. मानेत दबलं तर बहुतेकदा मुंग्या, बधिरपणा असतो, तसं काहीच नव्हतं त्याला, हे तेव्हा कोणी विचारलंच नाही.

आणि डॉक्टरांकडं जाताना एमआरआयची सीडी घेऊन जावा, नुसता रिपोर्टचा कागद नको. ईएमजीबरोबर एनसीएस (नसांतनं विजेचे संकेत कसे जातात ते बघायची तपासणी) नीट करून घ्या, मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी म्हणून एक आजार अगदी असाच दिसतो, तो त्यात सापडू शकतो आणि त्याला इम्युनोग्लोब्युलिनचा उपचार आहे.